निन्जा १०००एसएक्सचं सस्पेन्शन: आधी पुढचं बदलायचं की मागचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ ची कावासाकी निन्जा १०००एसएक्स, ३१ हजार किलोमीटर झालेली, चालवणाऱ्याचं वजन ८८ किलो. पुण्याहून गोवा आणि कोकण अशा फेऱ्या, त्यातल्या निम्म्या वेळा पत्नी मागे आणि दोन्ही बाजूंना पेट्या. एकटं असताना गाडी काँक्रीटच्या सांध्यांवर दणके देते. दोघं असताना स्पीड ब्रेकरवर मागून टेकते, आंबोलीच्या वळणांत बाहेर ओढते आणि ब्रेक दाबला की पुढून खाली बसते. एका गॅरेजने पुढे-मागे ओहलिन्स कंपनीच्या सस्पेन्शनचा पूर्ण सेट सुचवला, दुसऱ्याने फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांत) जाड तेल. काय करावं?

माझ्या मते आत्ताच दोन्ही नको. पहिल्या सल्ल्यात पैसे मोजण्याआधी मोजमाप नाही, आणि दुसऱ्या सल्ल्याने गाडी बिघडेल. तुम्ही चार तक्रारी सांगितल्या आहेत, पण मुळाशी बहुधा दोनच गोष्टी आहेत: स्प्रिंग तुमच्या भाराला कमी पडते, आणि ३१ हजारांवर तेल न बदललेलं असेल तर फोर्कचं डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, थकलंय. कंपनी स्प्रिंग ठरवते ती साधारण ७०-७५ किलोचा एकटा माणूस धरून. तुमचे ८८, वर हेल्मेट-जॅकेट-बुटांचे आठ-दहा, मागे साठेक किलो आणि पेट्यांत वीस, म्हणजे गाडीवर पावणेदोनशे किलोच्या वर भार जातो. मागे बसणाऱ्याचं आणि पेट्यांचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकावर पडतं. टॉप बॉक्स असेल तर तो मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतो आणि पुढचं चाक हलकं करतो. मागची बाजू बसली की फोर्कचा कोन आडवा होतो, ट्रेल (चाक रस्त्याला टेकतं ती जागा स्टिअरिंगच्या रेषेच्या किती मागे आहे ते अंतर) वाढतो आणि गाडी वळायला जड होऊन बाहेर जाते. म्हणजे आंबोलीतली तक्रार पुढची वाटली तरी ती मागच्या शॉकअपची आहे. रात्री समोरच्या गाड्या डिपर मारत असतील तर तेही त्याचंच लक्षण, कारण हेडलाइट वर गेलेला असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. दोघांनी फिरणं वर्षातून दोनदाच असेल तर उत्तर वेगळं येईल. तुम्ही निम्म्या वेळा म्हणालात, म्हणून मी तसं धरून लिहितोय. एकूण भार गाडीच्या आणि पेट्यांच्या लिहिलेल्या मर्यादेबाहेर जात असेल तर कुठलाही शॉकअप त्यावर इलाज नाही. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर पान्याला हात लावण्याआधी अटी वाचा.

आधी फुकटातलं

टायरचं प्रेशर थंड असताना बघा: पुढे ३६, मागे ४२ पीएसआय. मागे ३४ वर फिरणारी गाडी वळणात डुलते आणि मालक शॉकअपला दोष देतो. टायर मधोमध चपटा झाला असेल तर सस्पेन्शनची कुठलीही चाचणी खरी येणार नाही, आधी टायर बदला.

मग बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकाकडून दुसऱ्याकडे सावकाश सोडा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगच्या बेअरिंगला खड्डे पडलेत. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा, खटका लागला तर नट ढिला आहे किंवा बुश गेलेत. मागे स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा हलतो का बघा, आणि लिंकेजमध्ये, म्हणजे त्याला शॉकअपशी जोडणाऱ्या सांध्यांत, खटका आहे का तेही. या गाडीत शॉकअप स्विंग आर्मच्या वर जवळपास आडवा बसतो, त्यामुळे तो एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर राहतो. पण लिंकेजच्या निडल बेअरिंगना पावसाळ्यात पाणी आणि चिखल मिळतोच. सर्व्हिस सेंटरवरच्या प्रेशर वॉशरने त्यातलं ग्रीस धुऊन निघतं. कोरडी लिंकेज असलेल्या गाडीला महागडा शॉकअप लावला तर निम्मे पैसे वाया गेले समजा, कारण छोट्या खड्ड्यांवर तो हलतच नाही. लिंकेज उघडून, साफ करून, पाण्याला टिकणारं ग्रीस भरून घ्या. बोल्टचा टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच हवा.

मग मोजमाप

सॅग म्हणजे भाराखाली सस्पेन्शन किती बसतं ते. याला मेझर टेप आणि दोन माणसं लागतात. चाक पूर्ण हवेत असताना मागच्या ॲक्सलपासून सरळ वर टेलवर चिकटपट्टीची खूण करून अंतर घ्या. समजा ६१२ मिमी आलं. आता पूर्ण रायडिंग गिअरमध्ये गाडीवर बसा, पाय फूटपेगवर, एकाने हँडल धरायचं. दुसऱ्याने टेल खाली दाबून सावकाश सोडायचं आणि मोजायचं: समजा ५६१. मग टेल वर उचलून सावकाश सोडायचं आणि मोजायचं: ५६७. सरासरी ५६४, म्हणजे रायडर सॅग ४८ मिमी. दोनदा मोजायचं कारण सील, बुश आणि लिंकेजचं घर्षण. या दोन आकड्यांत फरक फार असेल, म्हणजे मागे सात-आठ आणि पुढे दहा-बाराच्या वर, तर कुठेतरी काहीतरी अडकतंय. ते आधी शोधा.

तसंच गाडीच्या स्वतःच्या वजनाखाली, कोणी न बसता, किती बसतं ते मोजा. हा झाला फ्री सॅग. आणि तिसरं मोजमाप पत्नी आणि भरलेल्या पेट्यांसकट. हे बहुतेक लोक करत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

या गाडीला पुढे १२० आणि मागे १४४ मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायची एकूण जागा, आहे. रस्त्यावर फिरण्यासाठी रायडर सॅग पुढे ३५ ते ४०, मागे ४० ते ४५ ठेवावा. फ्री सॅग पुढे २० ते ३०, मागे १० ते १५. दोघं आणि सामान असताना मागे ५० ते ५५ पर्यंत चालेल, त्यापुढे गेलात तर स्पीड ब्रेकरसाठी ट्रॅव्हल उरत नाही.

आता इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, घट्ट केल्याने स्प्रिंग कडक होत नाही. दहा न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग प्रीलोडनंतरही दहाचीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. समजा तुम्ही मागचा नॉब फिरवत फिरवत रायडर सॅग ४० वर आणला, आणि मग फ्री सॅग मोजला तर तो दोनच मिलिमीटर निघाला. वाटेल की मागची बाजू कडक झाली. अर्थ उलटा आहे: स्प्रिंग मऊ आहे. तिला उभं ठेवायला तुम्हाला इतकं आवळावं लागलं की नुसत्या गाडीच्या वजनाने ती हलतही नाही. अशी गाडी खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर चाक खाली सोडू शकत नाही, वर येऊन ठप्प होते आणि पाठीला दणका बसतो. आणि मोठ्या गतिरोधकावर तीच गाडी तळाला टेकते, कारण शेवटच्या टप्प्यात जोर द्यायला स्प्रिंगमध्ये दम नाही. एकटं असताना कडक आणि दोघं असताना मऊ, ही तुमची तक्रार याच कारणाने असू शकते. उलट रायडर सॅग बरोबर असताना फ्री सॅग पंचविसाच्या पुढे गेला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

लिंकेजमुळे स्प्रिंगवरचा एक मिलिमीटर प्रीलोड मागच्या चाकापाशी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर होतो, म्हणून मागे थोडं फिरवूनही आकडे भराभर बदलतात. दर वेळी फिरवल्यावर टेल दोन-तीनदा दाबून गाडी बसू द्या, मगच मोजा.

पुढे: स्प्रिंग आणि तेल, कार्ट्रिज नंतर

४१ मिमीचा हा उलटा फोर्क वाईट नाही. त्यात कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग), रिबाउंड (परत वर येतानाचं डॅम्पिंग) आणि प्रीलोड तिन्ही बदलता येतात. ३१ हजार किलोमीटरवर तेल मूळचंच असेल तर ते काळं पडून पातळ झालेलं असणार. फोर्क ऑइल १५ ते २० हजारांवर किंवा दोन वर्षांनी बदलावं, पण आपल्याकडे नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ते कोणी धरत नाही.

जाड तेल का नको? तेलाने वजन पेलायचं नसतं, हालचालीचा वेग आवरायचा असतो. स्प्रिंग मऊ आणि तेल जाड असेल तर ब्रेक मारल्यावर फोर्क तेवढाच खाली जातो, फक्त जरा सावकाश. पण काँक्रीटच्या सांध्यासारख्या झटक्यात चाकाला एका क्षणात वर जायचं असतं. तिथे जाड तेल छिद्रांतून वेळेवर जात नाही आणि दणका थेट हँडलमध्ये येतो. रिबाउंडही मंदावतो, म्हणजे ओळीने खड्डे आले की फोर्क दर खड्ड्याला थोडा अधिक खाली राहत जातो आणि शेवटी त्याच्याकडे ट्रॅव्हलच नसते. सांध्यांवरच्या तुमच्या तक्रारीत जाड तेलाने भरच पडेल.

शिवाय डब्यावरच्या ५डब्ल्यू या आकड्यावर विसंबू नका. दोन कंपन्यांची ५डब्ल्यू तेलं ४० अंश सेल्सिअसला एक पंधराच्या आसपास आणि दुसरं पंचविसाच्या आसपास सेंटीस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं एकक) असू शकतं. तेल निवडताना हा सेंटीस्टोकचा आकडा बघा आणि मूळ तेलाच्या जवळचा घ्या.

फोर्क उघडणारच आहात तर स्प्रिंग त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते. गाडीचं वजन २३५ किलोच्या आसपास आणि तुम्ही गिअरसकट ९७ धरले तर स्प्रिंगवाल्यांचे तक्ते तुम्हाला बहुधा ९.५ ते १० न्यूटन प्रति मिमीकडे नेतील. मी सरळ दराची, म्हणजे लिनिअर स्प्रिंग सुचवेन. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ वाटते आणि शहरात छानही लागते, पण तिचा दर ट्रॅव्हलमध्ये बदलत जातो आणि डॅम्पिंगचा स्क्रू मात्र एकाच जागी असतो. मऊ भागाला जुळवलेला रिबाउंड कडक भागाला कमी पडतो.

काम देताना या गोष्टी सांगा, किंवा समोर उभं राहून बघा. तेल काढल्यावर स्वस्त फोर्क ऑइलने आतून एकदा-दोनदा धुऊन घ्यायचं. बुश काढून बघायचे: टेफ्लॉनचा थर जाऊन तांब्याचा रंग दिसत असेल तर बदलायचे, सोबत ऑइल सील आणि डस्ट सील. नवीन तेल भरल्यावर कार्ट्रिजचा (फोर्कमधल्या डॅम्पिंगच्या भागाचा) रॉड सावकाश वर-खाली करून हवा काढायची, प्रतिकार पूर्ण ट्रॅव्हलभर एकसारखा लागेपर्यंत. दहा मिनिटं तसंच उभं ठेवायचं. मग स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत तेलाची पातळी मॅन्युअलप्रमाणे मोजायची. मापी भांड्याने दोन्हीकडे सारखं तेल ओतलं म्हणून पातळी सारखी येत नाही, आत चिकटून राहिलेलं तेल धरावं लागतं. तेलावरची हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. पातळी पाच मिलिमीटर वर घेतली तर फोर्क शेवटच्या टप्प्यात जास्त विरोध करतो, सुरुवातीला फरक कळत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर तळाला टेकत असेल तर पाच-पाच मिलिमीटरने वर घ्यायचं.

चाक परत बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. ॲक्सल घट्ट केला की लगेच पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकात ॲक्सल पकडून ठेवणारे) आवळतात. त्याआधी गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय समांतर येतात, आणि मग पिंच बोल्ट. हे न केल्याने फोर्क अडकून चालतो आणि नवीन सील लवकर गळतात.

काम झाल्यावर क्रोमच्या नळीवर एक केबल टाय लावून सीलला टेकवून ठेवा. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर एकदा नीट जोरात ब्रेक लावून या. चाक हवेत उचलून सील आणि टायमधलं अंतर मोजा. १०५ ते ११० मिमी आलं तर उत्तम, खड्ड्यासाठी थोडं राखून आहे. पूर्ण १२० वापरलं जात असेल तर अजून कमी पडतंय. नव्वदच्या आत असेल तर फोर्क कडक झालाय आणि तुम्ही भरलेल्या पैशांचा ट्रॅव्हल वापरतच नाही.

हे सगळं करूनही समाधान नसेल तर मग कार्ट्रिज किटचा विचार. तुम्ही सांगितलेल्या वापरात बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

मागे: इथे पैसे घाला

खरा खर्च मागे. कावासाकीने २०२५ च्या निन्जा ११००एसएक्सची एसई आवृत्ती काढली, तेव्हा ओहलिन्सचा एस४६ शॉकअप फक्त मागे दिला. सस्पेन्शनसाठी राखलेले पैसे कारखान्यानेही मागेच लावले, आणि टूरिंगच्या गाडीसाठी तो निर्णय मला योग्य वाटतो. भार बदलतो तो मागे.

तुमच्या मूळ शॉकअपला प्रीलोडचा रिमोट नॉब आणि रिबाउंडचा स्क्रू आहे, कॉम्प्रेशन बदलता येत नाही. तो थकलाय का हे बघायला टेल जोरात दाबून सोडा. एका दमात वर येऊन थांबली तर ठीक. वर जाऊन पुन्हा खाली, पुन्हा वर, असं डुललं आणि रिबाउंडचा स्क्रू आत घेऊनही फरक पडला नाही, तर आतलं तेल आणि नायट्रोजन संपलाय. घाटाच्या सुरुवातीला बरी असलेली गाडी अर्ध्या तासाने तरंगायला लागते, तेही याचंच चिन्ह. रॉडवर तेलाचा ओलावा असेल तर चाचणीची गरजच नाही.

एक मार्ग रिबिल्डचा: नवीन तेल, सील, नायट्रोजन आणि तुमच्या भाराची स्प्रिंग. यासाठी नायट्रोजन भरण्याची सोय असलेला, शॉकअपचंच काम करणारा माणूस हवा. आत दाब असतो, म्हणून घरी किंवा नाक्यावरच्या गॅरेजात उघडू नका. बजेट आखडतं असेल तर हा मार्ग प्रामाणिक आहे आणि फरक स्पष्ट जाणवतो.

दुसरा मार्ग नवीन शॉकअप. ओहलिन्स, नायट्रॉन, विल्बर्स, के-टेक, हायपरप्रो, वायएसएस, यांतला कुठलाही तुमच्या मॉडेलसाठी असेल तर चालेल. नावापेक्षा मी तीन गोष्टी बघेन. हायड्रॉलिक रिमोट प्रीलोड असलाच पाहिजे. एकट्याने निघून सावंतवाडीहून पत्नीला घेणार असाल तर सी-स्पॅनर (प्रीलोडची रिंग फिरवायचा पाना) घेऊन रस्त्याकडेला कोणी बसत नाही, आणि स्वस्त मॉडेलमध्ये हाच नॉब गाळलेला असतो. मूळ गाडीत असलेली सोय गमावून वरची किंमत देऊ नका. दुसरं, लांबी थोडी कमी-जास्त करता येते का. तिसरं, जवळपास त्याची सर्व्हिस कोण करतं. चांगला शॉकअपही २०-३० हजार किलोमीटरवर उघडावा लागतो, आणि त्यासाठी तो परदेशी पाठवायचा असेल तर स्वस्तातला सौदा महाग पडतो. वेगळं हाय-स्पीड कॉम्प्रेशन असेल तर आपल्या रस्त्यांवर उपयोग होतो, पण प्रीलोडचा नॉब सोडून ते घेऊ नका. इथे हाय-स्पीड म्हणजे रॉडच्या हालचालीचा वेग, गाडीचा नाही. तीस किमीच्या वेगात खड्ड्यात गेलेलं चाकही रॉड वेगाने ढकलतं.

मागवताना वजन कपड्यांसकट सांगा, मागच्या व्यक्तीचं आणि सामानाचं वेगळं सांगा, आणि किती टक्के प्रवास दोघांचा ते सांगा. खोक्यातली स्प्रिंग तशीच लावून घेतली तर पुन्हा त्याच ७५ किलोच्या माणसाची स्प्रिंग मिळेल. निम्मा प्रवास दोघांचा असल्याने तुमची स्प्रिंग अशी हवी की एकट्यासाठी लावलेल्या कमी प्रीलोडवर फ्री सॅग दहाच्या आसपास राहील आणि नॉब बराच फिरवल्यावर दोघांसह सॅग पन्नाशीत येईल. नॉबच्या या दोन जागा मोजून, क्लिक लिहून सीटखाली स्टिकर लावा.

मागची उंची बदलली की साखळीचा ताण पुन्हा बघा, भाराखाली ती ताठ होता कामा नये. उंची वाढवायला १९०/५० ऐवजी १९०/५५ टायर घालायचा सल्ला मिळेल. त्याने साइडवॉल साडेनऊ मिलिमीटरने वाढते आणि गाडी चटकन वळते, पण एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करत असतात, म्हणून मी आधी सॅगने उंची साधेन.

शेवटी क्लिक

स्प्रिंग बरोबर असल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. स्क्रू पूर्ण आत, हलक्या हाताने, टेकेपर्यंत, आणि तिथून बाहेर किती क्लिक किंवा फेरे ते मोजायचं. जोरात आवळलात तर सुई बसण्याची जागा खराब होते. मॅन्युअलमधल्या मूळ आकड्यांपासून सुरुवात करा. पाच किलोमीटरचा एकच ओळखीचा पट्टा निवडा, ज्यात एक वळण, एक गतिरोधक आणि थोडे सांधे असतील. एका वेळी एकच गोष्ट, तीही थोडीच, आणि वहीत नोंद. आधी मागचा रिबाउंड: ओळीने आलेल्या सांध्यांवर गाडी वरचेवर कडक होत गेली तर रिबाउंड जास्त आहे, स्क्रू बाहेर घ्या. मोठ्या उंचवट्यानंतर मागची बाजू उसळून डुलत राहिली तर कमी आहे, आत घ्या. नंतर पुढचा रिबाउंड याच पद्धतीने, आणि सगळ्यांत शेवटी पुढचं कॉम्प्रेशन. पहिला किलोमीटर मोजू नका, तेल गरम होऊ द्या.

थोडक्यात क्रम असा: टायर आणि बेअरिंग, तिन्ही सॅग, फोर्कमध्ये स्प्रिंग-तेल-सील, मग मागचा शॉकअप तुमच्या स्प्रिंगसकट. पैसे एकाच टप्प्यासाठी असतील तर लिंकेजचं ग्रीस आणि मागचा शॉकअप आधी, फोर्क पुढच्या पावसाळ्याआधी.

नवीन स्प्रिंग पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये किंचित बसते, तेव्हा सॅग पुन्हा मोजा आणि हेडलाइटचा कोन दोघं बसलेले असताना भिंतीवर लावून घ्या. मागचा फ्री सॅग, एकट्याचा आणि दोघांचा, हे तीन आकडे आणि नॉब तेव्हा किती क्लिकवर होता ते कळवा. त्यावरून स्प्रिंग बदलायची की नुसता रिबिल्ड पुरेल, हे नक्की सांगता येईल.